छायाचित्र कोणाचे? : रस्त्यावरील हौशी छायाचित्रण आणि पाहण्याची नैतिकता

१

रस्त्यावरच्या माणसाचे छायाचित्र त्याच्या नकळत घेतले गेले, तर ते कोणाचे असते, हा प्रश्न वरवर पाहता कायद्याचा किंवा फार तर शिष्टाचाराचा वाटतो. प्रस्तुत लेखात असे सुचवायचे आहे, की तो मुळात अर्थनिर्णयनाचाही प्रश्न आहे. आणि म्हणून ज्यांचा व्यवसायच अर्थ लावण्याचा आहे, त्या साहित्याच्या अभ्यासकांना तो टाळता येण्यासारखा नाही. प्रश्न मला सुचला तो कोणत्याही ग्रंथातून नव्हे. तो एका भाजी विकणाऱ्या बाईने विचारला, आणि तो माझ्या एका चुकीमुळे विचारला गेला. म्हणून आधी ती चूक सांगितली पाहिजे.

लातूर-बार्शी रस्त्यावरचे मुरुड हे धड खेडे नव्हे आणि धड शहरही नव्हे. कोकणातील मुरुड-जंजिऱ्याशी त्याची नेहमी गल्लत होते. त्या मुरुडची चित्रे पर्यटक काढतात. आमच्या मुरुडला चित्र काढण्याजोगे काही असेल, असे बाहेरच्या कोणाला वाटण्याचे कारण नाही. १९११ साली लातूरपर्यंत पोचलेली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी येथूनच जात असे. २००७-०८ च्या सुमारास तिची जागा ब्रॉडगेजने घेतली. बाजाराच्या गल्ल्यांतील दगड-मातीची, माळवदाची घरे एकामागून एक उतरली आणि तेथे स्लॅबची घरे, शटरची दुकाने उभी राहिली. अजूनही राहत आहेत. माझा एक माजी विद्यार्थी गेली काही वर्षे हा बदल आपल्या मोबाइलच्या कॅमेऱ्याने टिपत आला आहे. तो पत्रकार नाही, स्टुडिओवाला नाही. विचारले तर ‘हौस म्हणून’ एवढेच उत्तर देतो. त्यातील तीसेक छायाचित्रे मोठी करून, बाजाराच्या दिवशी दोऱ्यांना टांगून गावाला दाखवावीत असे त्याच्या मनात आले आणि खाली देण्याच्या ओळी लिहिण्याचे काम त्याने माझ्यावर सोपवले.

त्यांपैकी एक छायाचित्र मला विशेष आवडले होते. डाव्या बाजूला अर्धी ढासळलेली वाड्याची भिंत. उजव्या कोपऱ्यात, जवळजवळ चौकटीबाहेर जाऊ पाहणारी, टोपले पुढ्यात घेऊन बसलेली एक वयस्क बाई. आणि या दोहोंच्या मध्ये सकाळच्या उन्हाचा मोठा रिकामा पट्टा. त्या रिकाम्या अवकाशावरच चित्राचा सारा तोल उभा होता. मी त्याखाली ‘गल्लीचा निरोप’ असे लिहिले आणि पुढे दोन ओळींत, एकाकी पडलेली बाई व एकाकी पडलेली वास्तू यांतील अबोल नात्याविषयी काहीतरी जोडले. कवितेच्या तासाला सांगावे तसेच ते होते.

प्रदर्शनाच्या दिवशी कोणीतरी त्या बाईंना बोलावून आणले. त्यांनी चित्र निरखले आणि माझ्या विद्यार्थ्याला विचारले, “लेकरा, ह्यो माझाच हाय का? मंग तुझ्यापशी कसकाय आला?”

२

या प्रश्नात तक्रार नव्हती; कुतूहल होते. पण आम्हा दोघांनाही त्याचे उत्तर देता आले नाही. ते का देता आले नाही, हे पाहण्यासाठी ‘हौशी’ या शब्दाकडे थोडे वळावे लागेल.

स्टुडिओतील छायाचित्राचा व्यवहार आपल्याला परिचित आहे. माणूस ठेवणीतले कपडे घालून जातो, रंगवलेल्या पडद्यापुढे बसतो, पैसे देतो आणि प्रत घरी आणतो. तेथे ज्याचे चित्र निघते तोच गिऱ्हाईक असतो. कसे दिसायचे हे बऱ्याच अंशी तोच ठरवतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे सतरावे कलम याच व्यवहाराला मान्यता देते : अन्य करार नसेल तर, मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला स्वामी ते काढवून घेणारा असतो, एरवी तो छायाचित्रकार असतो. म्हणजे दिसणाऱ्या व्यक्तीचा स्वतःच्या प्रतिमेवरील हक्क येथे तिच्या दिसण्यातून निर्माण होत नाही, तिने दिलेल्या पैशांतून निर्माण होतो. रस्त्यावर बसलेल्या बाईने पैसे दिलेले नसतात. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणाला मूलभूत हक्काचे स्थान दिले आणि सार्वजनिक जागी आल्याने माणूस तो हक्क सर्वस्वी गमावतो असे नाही, हेही स्पष्ट केले. परंतु प्रतिमा कोणाची, या प्रश्नाला त्यातून थेट उत्तर मिळत नाही.

हौशी छायाचित्रकार गिऱ्हाइकापासून मुक्त असतो; त्याची प्रतिष्ठा या मुक्ततेतच आहे. त्याला कोणाला खूष करायचे नसते, संपादकाची मुदत पाळायची नसते. पण गिऱ्हाइकाबरोबर उत्तरदायित्वही जाते, ही या मुक्ततेची दुसरी बाजू सहसा बोलली जात नाही. स्टुडिओवाल्याला चित्र बिघडले तर पुन्हा काढून द्यावे लागते. हौशी माणसाला कोणालाच काही द्यावे लागत नाही.

या देशातील हौशी छायाचित्रणाचा आरंभही या दृष्टीने उद्बोधक आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. तिच्याशी संबंधित असलेले नारायण दाजी हे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू. स्वतः वैद्यक शिकलेल्या या गृहस्थांनी शहरातील निरनिराळ्या जातिव्यवसायांच्या लोकांची छायाचित्रे काढली. त्या काळात अशा चित्रांना मिळणारी चौकट वर्गीकरणाची होती. १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत प्रसिद्ध झालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या शासकीय प्रकल्पात ती पूर्णत्वाला गेली. तेथे माणूस नमुना म्हणून येतो. आपण त्या वर्गीकरणाला आज वासाहतिक म्हणून सहज बाजूला सारतो. पण ‘गल्लीचा निरोप’ हे शीर्षकही त्या बाईंना नमुनाच करीत होते. जातीचा नमुना नव्हे, ‘हरवत चाललेल्या जगा’चा नमुना, एवढाच काय तो फरक.

३

याउलट बाजूने जे म्हणता येण्यासारखे आहे, ते पूर्ण ताकदीने मांडले पाहिजे. विचारून काढलेले चित्र हे बदललेले चित्र असते. कॅमेरा दिसताच माणूस पदर सावरतो, ताठ बसतो, रस्ता रस्ता राहत नाही. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या १९५२ च्या प्रसिद्ध ग्रंथाचे इंग्रजी शीर्षक ‘निर्णायक क्षण’ या अर्थाचे आहे, आणि त्याच नावाने तो सिद्धान्त जगभर गेला. मूळ फ्रेंच शीर्षकाचा रोख मात्र घाईने, चोरट्या रीतीने टिपलेल्या प्रतिमांकडे आहे. भाषांतरात क्षण राहिला आणि चोरी गळाली. तरीही ही चोरी निरर्थक होती असे म्हणण्याचे धाडस कोण करील? रस्त्यावरच्या विसाव्या शतकाविषयी आपल्याला जे दृश्यज्ञान आहे, त्याचा मोठा भाग तिच्यामुळेच आपल्या हाती आला आहे.

मराठवाड्याच्या संदर्भात तर हौशी छायाचित्रकाराच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे. या प्रदेशाचे चित्र देशाने पाहिले ते बहुधा आपत्तीच्या निमित्ताने. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि देशोदेशीचे कॅमेरे येथे आले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा ते पुन्हा आले. दोन आपत्तींच्या मधली तेवीस वर्षे, म्हणजे लग्ने, बाजार, घरबांधण्या, शाळेला जाणारी मुले, त्या चित्रात नाहीत. ती जर कोणी टिपली असतील तर गावातल्याच कोणा हौशी माणसाने. साध्या दिवसांचा हा साक्षीदार नाकारणे म्हणजे या प्रदेशाला कायमचे ‘आपद्‌ग्रस्त’ या एकाच प्रतिमेत कोंडणे होय. सूझन सोन्टॅग यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात कॅमेऱ्यातील आक्रमकतेचे जे विश्लेषण केले, ते मान्य करूनही मुरुडच्या त्या मुलाच्या मोबाइलला त्याच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. तो त्याच गल्लीत वाढला आहे, आणि गल्लीही त्याला ओळखते.

तेव्हा प्रश्न चित्र घेण्याचा हक्क आहे की नाही, असा नाही. घेतल्यानंतर काय, असा तो आहे.

४

बाईंच्या प्रश्नाला आम्ही उत्तर शोधत असताना कोणीतरी त्यांना माझ्या ओळी वाचून दाखवल्या. त्या हसल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “सर, मी एकली न्हाई तिथं. त्या भिताडापसून लांब बसलेय, दिसंना का तुम्हाला? भूकंपापसून मी कुठल्या भिताडाला टेकले न्हाई.”

ज्या रिकाम्या अवकाशावर मी चित्राची सारी काव्यात्मता उभी केली होती, तो अवकाश म्हणजे भिंत पडली तर ती जिथवर येईल तेवढे अंतर होते. तीस वर्षांहून अधिक काळ ती बाई प्रत्येक भिंतीशी हे अंतर मोजून बसत आली होती.

येथे थोडा इतिहास लक्षात घ्यावा लागतो. किल्लारीच्या भूकंपात शासकीय आकड्यांनुसार जवळपास आठ हजार माणसे दगावली. काही अंदाज त्याहून मोठे आहेत. गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतरची ती पहाट होती आणि माणसे घरात झोपलेली होती. भूकंपाची तीव्रता सुमारे ६.२ होती, आणि तेवढ्या धक्क्याने इतकी हानी होण्याचे एक मोठे कारण घरांच्या रचनेत होते. मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच भिंत आणि तेच छप्पर त्या पहाटे झोपलेल्यांच्या अंगावर आले. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवण्यात आली. नव्या गावांच्या रुंद, सरळ रस्त्यांविषयी, तुटलेल्या भावकीच्या गल्ल्यांविषयी बरेच लिहिले गेले आहे आणि त्यातील खंत खोटी नाही. परंतु जुनी भिंत सुंदर आहे असे म्हणणारा आणि त्या भिंतीखाली झोपणारा, हे दोघे या प्रदेशात एकच नसतात, हे त्या लेखनातूनही अनेकदा निसटते.

बदलत्या वस्तीच्या छायाचित्रणात एक गृहीत न बोलता वावरत असते : जे जाते ते मौल्यवान आणि जे येते ते कुरूप. माळवदाच्या जागी स्लॅब आला की छायाचित्रकाराला चुकल्यासारखे होते. हे गृहीत आपण साहित्यसमीक्षेतूनही पोसले आहे. ग्रामीण साहित्याच्या चर्चेत ‘हरवलेले गाव’ या आशयसूत्राला आपण जितकी जागा दिली, तितकी ‘नकोसे झालेले गाव’ या अनुभवाला दिली नाही. दलित साहित्याने ती मागून घेतली. पण रस्त्यावरचे सौंदर्य पाहताना आपली नजर पुन्हा जुन्या सवयीला जाते. माझी गेली. ज्या बाईला भिंत पडून जावी असे वाटत होते, तिला मी त्या भिंतीची शोकाकुल सखी केले.

५

येथे एक आक्षेप संभवतो. संहितेचा अर्थ लेखकाच्या हेतूने बांधलेला नसतो हे आपण मान्य केले आहे. मग छायाचित्राचा अर्थ चित्रित व्यक्तीच्या सांगण्याने का बांधावा? माझे वाचन त्या चौकटीतील आकारांचे होते, आणि आकार म्हणून ते चुकीचे नव्हते.

आक्षेप महत्त्वाचा आहे, परंतु त्यात एक गल्लत आहे. चित्रित व्यक्ती ही लेखकाच्या जागी नाही. तिने ती संहिता रचलेली नाही. तीच संहितेत वापरली गेली आहे. लेखकाचा हेतू बाजूला सारताना आपण एका सत्ताधाऱ्याला बाजूला सारतो. चित्रित व्यक्तीचे म्हणणे बाजूला सारताना आपण जिच्याजवळ सत्ता कधी नव्हतीच तिला गप्प करतो. दोन कृती तर्काच्या दृष्टीने सारख्या दिसल्या तरी नैतिकदृष्ट्या सारख्या नाहीत.

मराठी गद्याच्या अनुभवाने हा भेद अधिक स्पष्ट होतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ (१९४९) या संग्रहापासून व्यक्तिचित्राची जी समृद्ध परंपरा आपल्याकडे निर्माण झाली, तिच्यात लेखक पाहिलेल्या माणसाला शब्दांत पुन्हा घडवतो. नाव बदलता येते, दोन माणसे एकात मिसळता येतात. शब्द हे माणूस आणि वाचक यांच्यामध्ये एक आडपडदा ठेवतात. छायाचित्राला हा आडपडदा नाही. चेहरा बदलून तोच चेहरा दाखवता येत नाही. दुसरीकडे, लातूर तालुक्यातील धनेगावच्या लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) हे आत्मकथन पाहावे. तेथेही आडपडदा नाही. घरातली, जमातीतली माणसे उघडी पडतात. पण सांगणारा स्वतः चौकटीच्या आत उभा आहे. इतरांना जेवढे उघडे केले तेवढाच तो स्वतःलाही करतो. ती त्याने दिलेली किंमत आहे. ज्या समूहांना १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि १९५२ साली तो कायदा रद्द झाल्यावरही पोलिसांच्या वहीतून सोडले नाही, त्यांना प्रतिमेचा आणखी एक अर्थ ठाऊक असतो. १९२० च्या कैद्यांच्या ओळखीसंबंधीच्या कायद्याने मोजमापांबरोबर छायाचित्र घेण्याचीही तरतूद केली होती. ज्याचा फोटो ‘त्यांच्यापाशी’ असतो तो माणूस त्यांच्या हाती असतो, ही समज अडाणीपणाची नव्हे, अनुभवाची आहे. ‘मंग तुझ्यापशी कसकाय आला?’ या प्रश्नामागे आपल्या समाजातील अनेकांच्या बाबतीत हा अनुभव उभा असू शकतो.

रस्त्यावरच्या छायाचित्रकाराजवळ व्यक्तिचित्रकाराचा आडपडदा नाही आणि आत्मकथनकाराने मोजलेली किंमतही नाही. तो चौकटीबाहेर, कॅमेऱ्यामागे सुरक्षित असतो. त्याच्या नैतिक अडचणीचे मूळ या जागेत आहे.

६

आपल्याच परंपरेत एक प्रसंग असा आहे, की जेथे चित्रित व्यक्ती स्वतःच्या चित्रापुढे उभी राहते. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकात लक्ष्मण राम आणि सीतेला त्यांच्याच आयुष्याची रंगवलेली चित्रमालिका दाखवतो. शूर्पणखेचे चित्र येताच सीता भयभीत होते. ते केवळ चित्र आहे, असे सांगून राम तिला सावरतो. चित्रे पाहता पाहता तिला पुन्हा वनात जाण्याचे डोहाळे लागतात, आणि त्याच अंकात, लोकापवादाची वार्ता आल्यावर, तीच इच्छा तिच्या त्यागाचे निमित्त होते.

या प्रसंगाचे विवेचन बहुधा पूर्वसूचनेच्या नाट्यतंत्राच्या अंगाने केले जाते. परंतु येथे वाचनाच्या दोन रीती समोरासमोर आहेत. रामाला चित्रातले संकट संपलेले आहे. तो मागे वळून पाहणारा, आस्वादक प्रेक्षक आहे. सीतेला ते संपलेले नाही. ‘हे तर चित्र’ हे समजावणे शहाणपणाचे वाटते. पण अंक संपेपर्यंत तिचे भयच खरे ठरते. विरह परत येतो, आणि या वेळी तो समजावणाऱ्याकडूनच येतो. जिचे आयुष्य चित्रात आहे तिला त्या चित्रात काय दिसते, हे ऐकून घेणे ही सौजन्याची बाब नाही. तिला चित्रात असे काही दिसत असते, की जे इतर प्रेक्षकांना दिसूच शकत नाही.

रोलाँ बार्थ यांनी छायाचित्रावरील आपल्या १९८० च्या पुस्तकात आईच्या बालपणीच्या ज्या छायाचित्राभोवती सारे चिंतन गुंफले, ते छायाचित्र वाचकाला दाखवलेच नाही. वाचकाला ते हजारांतले एक वाटले असते, असे त्यांचे कारण होते. दाखवण्याला नकार देणे हीसुद्धा प्रतिमेशी प्रामाणिक राहण्याची एक रीत आहे. पण केवळ न दाखवण्याने प्रश्न सुटत नाही. शिकागोत मुले सांभाळण्याचे काम करणाऱ्या व्हिव्हियन मायर यांनी आयुष्यभर रस्त्यावरची छायाचित्रे काढली आणि ती जवळजवळ कोणालाच दाखवली नाहीत. २००७ मध्ये त्यांचे सामान लिलावात गेले, २००९ मध्ये त्या वारल्या आणि मग ती छायाचित्रे जगप्रसिद्ध झाली. त्यांत दिसणाऱ्या माणसांपर्यंत ती पोचण्याची वेळ तोवर बहुतांशी निघून गेली होती.

७

म्हणून मी ‘ठेव’ हा शब्द सुचवतो. रस्त्यावरून नकळत उचललेले चित्र ही छायाचित्रकाराची मिळकत नाही आणि चोरीही नाही. ती त्याच्याकडे राहिलेली ठेव आहे. ठेवीला दोन अटी असतात : ती सांभाळायची असते, आणि धनी विचारील तेव्हा दाखवायची असते. दाखवली की तिच्यात भर पडते, हे मुरुडला दिसले. बाईंच्या त्या दोन वाक्यांनंतर चित्र अधिक मोठे झाले. रिकामा पट्टा तोच राहिला आणि त्यात १९९३ साल आले. माझ्या ओळींनी ते साल झाकून टाकले होते. नैतिक कर्तव्य आणि अर्थाची समृद्धी येथे परस्परविरोधी नव्हत्या. आपण त्यांना विरोधी मानतो ते बहुधा धनी विचारायला येत नाही म्हणून.

या भूमिकेच्या मर्यादा उघड आहेत. गर्दीतला प्रत्येक चेहरा शोधता येत नाही. काही माणसे वारलेली असतात, काही गाव सोडून पुण्या-मुंबईला गेलेली असतात. शोधून काढलेला माणूस ‘हे फाडून टाक’ असेही म्हणू शकतो, आणि तेव्हा एक चांगले चित्र गमावण्याची तयारी ठेवावी लागेल. मला वाटते, ती ठेवली पाहिजे. जी हौस एवढेही गमावायला तयार नाही, तिला हौस म्हणण्यापेक्षा संग्रह म्हणणे बरे.

बाईंनी फाडायला सांगितले नाही. चित्र राहू द्या, खालचे लिहिलेले काढा, एवढेच त्या म्हणाल्या. ते मी काढले. मग त्यांनी माझ्या विद्यार्थ्याला बजावले, की मुलाने बांधलेल्या स्लॅबच्या घरापुढे उभी करून एक नीट फोटो काढ, सुनेलाही घे. त्याने तो काढला. नवे लुगडे, ताठ मान, मागे पिवळ्या रंगाची सरळ भिंत; तिच्यापासूनही त्या दोन हात पुढे उभ्या आहेत. समीक्षक म्हणून मला त्या चित्राविषयी फारसे काही लिहिता येणार नाही. ते त्यांच्या घरात लावलेले आहे. उरलेल्या छायाचित्रांतील माणसांची नावे शोधण्याचे काम माझ्या विद्यार्थ्याने हाती घेतले असून, निम्म्याहून अधिक अजून सापडायची आहेत.